सांडव्यावरची तट्टी

तलावाची चौकी, दिग्रसजवळ
१२ जून १९५९

चि. शंकरसिंगास मामाचे आशीर्वाद.

तुझे कार्ड येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसतो तर दौतीत मुंगळे पडलेले असतात. कार्ड आपला पोस्टमन वाटेत वाचतो आणि तांड्यावर सगळ्यांना सांगत येतो, म्हणून मी पाकिटातून लिहितो आहे. तूही पाकीटच वापर. तुझी आई बरी आहे. माझे गुडघे पाऊस यायच्या आधीच दुखू लागले, म्हणजे यंदा पाऊस जोराचा असावा. पण मी असे दरवर्षी म्हणतो.

तू शिकवतोस त्या राळेगावच्या शाळेत हेडमास्तरांनी विचारले की मामा काय करतात, आणि तुला नीट सांगता आले नाही, असे तू लिहिलेस. तर असे सांग. मामा जंगलखात्यात गार्ड होते, पेन्शनीत निघाले, आणि आता दिग्रसच्या क्लबाच्या तलावावर राखणदार आहेत. तलाव मोठा नाही. शहरातल्या वकील आणि जिनवाल्या मंडळींनी आपल्या तांड्याच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीची पाळ घालून तो केला. शेताला पाणी द्यायला नव्हे, नावेत बसायला आणि पोहायला. दोन नावा आहेत. पाळीच्या एका टोकाला सांडवा आहे, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जायची वाट. पाळ बांधणारा ओव्हरसियर जाताना मला सांगून गेला की देवसिंग, सांडव्यात काडीसुद्धा अडू देऊ नको. मी जपतो.

आता जे लिहितो ते कोणाला सांगू नको. गेल्या साली क्लबाने तलावात माशांचे बी सोडले. पावसात सांडवा वाहू लागला तसे मासे पाण्याबरोबर खाली नाल्यात गेले, आणि आपल्या लोकांनी धोतरे लावून धरले. तुझी आईही होती, टोपली घेऊन. परवा क्लबात पाहुणे आले होते. मी नाव वल्हवत होतो. तेव्हा सेक्रेटरी सदाशिवराव वकील सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचा देवसिंग फार कामाचा. वरून तलाव राखतो आणि खालून तांडा पोसतो." सगळे हसले. मीही हसलो. रात्री जेवण गेले नाही. पस्तीस वर्षे सरकारी जंगल राखले, कोणी बोट दाखवले नाही, आणि या वयात बहिणीच्या टोपलीपायी खाली पाहावे लागले.

मी विचार केला आहे. सांडव्याच्या तोंडाशी बांबूची तट्टी विणून बसवायची. पाणी जाईल, मासा जाणार नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेले नाही, माझ्याच डोक्यातले आहे. तुझे मत कळव.

मामा देवसिंग


राळेगाव
२० जून १९५९

तीर्थस्वरूप मामा यांना शंकरसिंगचा नमस्कार.

पत्र वाचून मला वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले, कारण हे मला एकट्यालाच वाटते असे मी समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात एसटीत माझ्या शेजारी आमचे एक मास्तर बसले होते. दिग्रसच्या अलीकडे बाया चढल्या, आपल्याच तांड्याच्या. त्यांनी मला ओळखून हाका मारल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पुढचे लिहीत नाही.

तट्टी जरूर लावा. दिवाळीत हेडमास्तरांना तलाव दाखवायला आणायचे माझ्या मनात आहे. त्यांनी आईला नाल्यात टोपली घेऊन उभी पाहू नये.

एक विचारायचे आहे. तांड्यावरचा धावजी इकडे बैलबाजाराला आला होता. तो म्हणाला की पाळीच्या पायथ्याला ओल दिसते आणि वर घुशींनी बिळे केली आहेत. खरे आहे का? आपली खालची घरे त्याच अंगाला आहेत, आणि आईचे घर त्यांत आहे.

आपला
शंकर


तलावाची चौकी
९ जुलै १९५९

चि. शंकरसिंगास आशीर्वाद.

धावजीचे काय घेऊन बसलास. तो संध्याकाळी जे पाहतो ते सकाळी त्याला आठवत नाही. ओल आहे, पण तिथे आधीपासून झरा असावा असे मला वाटते. बिळेही आहेत. मी त्यांत माती ठासली आणि घुशींनी दुसरीकडे केली. वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले की दिवाळी झाल्यावर मजूर लावू. पाळीवर मधोमध बायामाणसांना नावेत उतरायला पायऱ्या खोदल्या आहेत. त्या जागी पाळ थोडी बसकी झाली आहे. तेही सांगितले. ते म्हणाले, देवसिंग, तू फार काळजी करतोस. तर मी आता थोडी कमी करतो.

तट्टी बसवली. चांगली घट्ट विणली, बोट जात नाही. वकीलसाहेबांनी हात लावून पाहिली आणि पाहुण्यांना सांगितले की ही देवसिंगची अक्कल. त्यांच्या सौभाग्यवती कुंदाताईंनी मला बशीत घालून चिवडा दिला. शंकर, चिवड्याचे मला कौतुक नाही, पण त्या दिवशी मी मान वर करून चाललो. साहेब मात्र एक बजावून गेले आहेत. त्यांना विचारल्याशिवाय तट्टी हलवायची नाही.

दुसरे एक काम माझ्याकडे आले ते मला आवडले नाही, पण केले. तांड्याच्या पोरी टोपल्यांत गहू पेरून तीज करतात, त्या टोपल्या आजवर तलावात बुडवत. क्लबाने ठरवले की टोपल्यांची माती पोहण्याच्या पाण्यात नको. मला सांगायला पाठवले. मी सांगितले की यंदा पाळीखालच्या डोहात बुडवा. तुझी आई चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "भिया, पाणीबी त्याइचं झालं का? मंग पावसाले सांग, आमच्याकडे नोको येऊ म्हणा." बाया हसल्या. मी उन्हात परत आलो. तिच्या जिभेला तू ओळखतोसच.

मामा देवसिंग


राळेगाव
२ ऑगस्ट १९५९

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

पाऊस इकडे सारखा आहे, तिकडेही असेल. आपले मागचे पत्र मी दोनदा वाचले. बोट जात नाही इतकी तट्टी घट्ट विणली असे आपण लिहिले आहे. मग सागाची पाने आणि काडीकचरा तिच्यात अडत नाही का? रोज काढता ना? ओव्हरसियरचे बोलणे आपणच मला लिहिले होते. तीज पेरणाऱ्या पोरी खाली डोहात उतरणार, म्हणून विचारले. चार ओळी लिहा.

शंकर


राळेगाव
३० ऑगस्ट १९५९

मामा,

माझ्या पत्राचे उत्तर आले नाही. आज धावजी स्वतः येऊन गेला. तो पूर्ण शुद्धीवर होता. पाळ फुटली, आईच्या घराची मागची भिंत आणि गोठा गेला, आणि आईला पोलिसांनी चौकीत नेऊन बसवले, एवढे त्याने सांगितले. मासे चोरण्यासाठी तिने कुऱ्हाड घालून तट्टी तोडली आणि त्यामुळे तलाव फुटला, असे क्लबाचे म्हणणे आहे. चौकशीला आलेल्या साहेबांनी तुम्हाला विचारले तेव्हा तुम्ही काय सांगितले, हे मी धावजीला विचारले. तो उठून बाहेर गेला.

तुमच्याकडून ऐकायचे आहे.

शंकर


तलावाची चौकी
४ सप्टेंबर १९५९

चि. शंकरसिंगास आशीर्वाद.

आई घरी आली आहे, ही गोष्ट आधी लिहितो. एक दिवस बसवून सोडली. तारखेला पुन्हा बोलावले आहे. तिच्या हातापायाला काही झालेले नाही. तांड्यात कोणी माणूस गेले नाही. एक गोऱ्हा गेला.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिले नाही, कारण काय लिहावे ते समजत नव्हते. कचरा अडत होता. तो काढायला तट्टी उचलावी लागे, आणि उचलली की मासे निसटत. म्हणून मी वरवर हाताने काढत होतो. मग क्लबात मेजवान्या सुरू झाल्या. मला नावेवर आणि स्वयंपाकाकडे कामे लावली. काढू काढू म्हणता राहिले.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन गात आल्या आणि डोहाशी गेल्या. वर जंगलात पाऊस आधीच पडून गेला होता, इकडे नुसते ढग. नाला एकदम आला. पाने, फांद्या, पऱ्हाट्या, सगळे तट्टीला येऊन चिकटले, आणि पाणी सांडव्यातून न जाता तलावात चढू लागले. मी क्लबाचा स्वयंपाकी देवीलाल याला सायकलीने शहरात पाठवले, वकीलसाहेबांना विचारून ये म्हणून. तो येईपर्यंत मी पायऱ्यांच्या बसक्या जागी फावड्याने माती टाकत होतो. टाकलेली माती पाणी घेऊन जात होते. साहेब कोर्टात होते. देवीलाल बाहेर त्यांची वाट पाहत बसला. मी इकडे देवीलालची वाट पाहत होतो.

मग तुझी आई कुऱ्हाड घेऊन आली आणि सांडव्यात उतरून तिने तट्टी तोडली. सांडवा मोकळा झाला, तलाव उतरू लागला. पण पायऱ्यांची जागा आधीच खचली होती, ती थोड्या वेळाने गेली. जे पाणी खाली आले ते निम्मेच होते. सगळे आले असते तर काय झाले असते, ते मी लिहीत नाही. त्या दिवशी नाल्यात मासे तडफडत पडले होते. तांड्यातल्या कोणी एकाला हात लावला नाही.

तू विचारलेस की मी साहेबांना काय सांगितले. मी खोटे बोललो नाही. तहसिलीचे साहेब आले, वकीलसाहेब बरोबर होते. मला विचारले, तट्टी कोणी तोडली. मी म्हणालो, मानीबाईने. कशाने तोडली. कुऱ्हाडीने. पाळ आधी फुटली की नंतर. मी म्हणालो, नंतर. यातले एक तरी खोटे आहे का, तूच सांग. त्यांनी पुढे विचारले नाही. वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुझी आई समोर उभी होती. मला वाटले होते ती बोलेल.

झोप लागत नाही. तू रागावू नको.

मामा


राळेगाव
९ सप्टेंबर १९५९

मामा,

तुम्ही तीन उत्तरे दिली. तिन्ही खरी आहेत. आईला चोर ठरवायला ती पुरली.

तुम्हाला रागे भरायला मला तोंड नाही. तट्टी लावा असे मीच लिहिले होते. कशासाठी, तर हेडमास्तरांना आईची टोपली दिसू नये. आपल्याच घरच्या माणसांना झाकायला आपण दोघांनी ते कुंपण घातले आणि त्याच्यामागे पाणी चढत गेले. हे मी इथे कोणाला सांगू शकत नाही. वर्गात मुलांकडे पाहताना लाज वाटते.

मी रजा काढून साहेबांकडे जाणार होतो. पण जाऊन काय सांगू? मी तिथे नव्हतो. पाण्याच्या आधी काय झाले आणि कोण कोणाची वाट पाहत होते, हे पाहिलेला माणूस एकच आहे. तारीख होईपर्यंत मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही. लिहिले तर वाईट लिहीन.

शंकर


तलावाची चौकी
१५ सप्टेंबर १९५९

चि. शंकर,

पत्र मिळाले. मी एकदा कचेरीकडे जायला निघालो होतो. मोटार भरलेली आली, थांबली नाही. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर असल्याचे कळले. तारखेला तर जायचेच आहे, मग आधी कशाला, असेही मनात आले. वकीलसाहेब म्हणाले की मागची जबानी कायम आहे एवढेच म्हण, बाकी आम्ही पाहू, आणि पाळ पुन्हा बांधू तेव्हा राखणदार तूच. मी हो म्हणालो. नाही म्हणायची मला सवय नाही, जंगलखात्यातही नव्हती.

तांड्यावर गेलो होतो. शेजारच्या रुपीबाईने पाणी दिले. तुझ्या आईने गोठ्याचे मेढे रोवायला घेतले होते. मी दुसरे टोक धरले, तिने धरू दिले.

मला भीती वाटते, शंकर. कशाची ते नीट सांगता येत नाही. साहेबांसमोर माझे तोंडच उघडणार नाही, याची जास्त वाटते.

मामा


तांडा
२८ सप्टेंबर १९५९

शंकर, मी तुही आई बोलून राह्यली. आजवर तुले कधी पत्र धाडलं नाही. तुह्या मामाले समोर बसवलं आहे. मी आपल्या बोलीत सांगते अन् तो मराठीत लिहिते. थोडंबी बदलवलं तर मले समजत नाही असं त्याले वाटते, पण मले समजते.

काल तारीख होती. मी अन् धावजी सोबत गेलो. मामा आधीच येऊन झाडाखाली बसला होता. धावजी त्याले म्हणे, "काय देवसिंग, आज कोणती खरी गोष्ट आणली?" आत वकील लई वेळ बोलले. तांड्याच्या लोकाइले सवय आहे म्हणे, पाणी असो का जंगल, काही सोडत नाहीत. मंग साहेबानं मामाले पुढं घेतलं अन् इचारलं, मागची जबानी कायम ना. हा म्हणाला, हो.

साहेब दुसरे कागद घ्यायले लागला. वकील उठले. हा तिथंच उभा. शिपाई म्हणे, चला बाजूले. तवा हा बोलला. आवाज असा की शेजारच्याले ऐकू नाही जाये. म्हणाला, "साहेब, तट्टी कोणी तोडली थे तुम्ही इचारलं. लावली कोणी थे नाही इचारलं."

वकील म्हणे, देवसिंग, भान ठेवून बोल. साहेब म्हणे, बोलू द्या. मंग यानं सारं सांगितलं. लावली मीनं, वकीलसाहेबाइनं नाही. कचरा अडला होता थो काढला नाही मीनं. पाणी चढलं तवा परवानगी मांगत बसलो मी. बाईनं तोडली नसती तर डोहातल्या पोरी अन् तांडा राह्यले नसते. सांगून राह्यला तवा शिपायानंच त्याले बाकावर बसवलं. ओव्हरसियरचं बोलणंबी सांगितलं, पायऱ्याइचंबी सांगितलं. साहेबानं सारं लिहून घेतलं. मले म्हणे, बाई, तुम्ही घरी जा. क्लबाले म्हणे, आमचा माणूस पाहून गेल्याबिगर पाळीवर माती टाकायची नाही.

मामाचं काम गेलं. चौकीतलं सामान त्यानं रातीच आणलं. आता माह्याकडे राहून राह्यला, गोठ्याच्या बाजूले. मी बोलत नाही त्याच्याशी. भाकर वाढते. आज पत्रापुरतं बोलून राह्यली.

तुले आईची लाज वाटत होती असं तू लिहिलं होतं ना. मामानं तुहं पत्र मले वाचून दाखवलं, मीच वाच म्हटलं होतं. मले राग नाही आला बेटा. तू दिवाळीले ये. हेडमास्तराले आणायचं तर आण. मी टोपली घेऊन नाल्यातच जाईन, त्याले थे पाहू दे.

अजून एक गोष्ट आहे अन् त्यासाठीच मी पत्र लिहाले लावलं. तांड्यातले लोक म्हणतात मानीबाईनं पोरींसाठी तट्टी तोडली. साहेबानंबी तसंच लिहिलं. मामाबी तसंच समजते. मी कोणाले दुरुस्त नाही केलं. पण पोरींले मी पयलेच वर हाकललं होतं. खालच्या घरातले लोकबी ढोरं सोडून टेकडीवर आले होते. मीबी आली होती. सारे वाचले होते. घरं गेली असती तर गेली असती.

वरून पाहिलं तर तुहा मामा पाळीवर मधोमध उभा. पाणी त्याच्या पायावरून जाऊन राह्यलं अन् हा फावड्यानं माती टाकून राह्यला, शहराच्या रस्त्याकडे पाहत. मी लई हाका मारल्या. त्यानं पाहिलं नाही. तवा मी कुऱ्हाड घेतली.

हे लिहाले तो तयार नव्हता. दौत बाजूले सारून बसला. मी म्हटलं, लिही. तू साहेबाले माह्याबद्दल खरं सांगितलं, मी पोराले तुह्याबद्दल सांगते.

मानीबाई


तिने सांगितले तसे लिहिले आहे. शेवटी वाचून दाखवले. एका ठिकाणी मी घाईने पुढे गेलो, तेवढे तिने पुन्हा वाचायला लावले.

देवसिंग